तेल सांडलेल्या वावरात ज्वारी, बाजरी, गहू पुन्हा कसा घ्यायचा

आमच्या विहिरीवर वीज येण्याआधी डिझेल इंजिन होतं. टाकी भरताना सांडलेलं डिझेल, बदललेलं जळकं ऑइल, पुसलेल्या चिंध्या, सगळं शेडमध्येच मुरायचं. पुढे मोटर आली, शेड उतरवली आणि ती जागा नांगरून वावरात घेतली. त्या अर्ध्या गुंठ्यात ज्वारी विरळ उगवायची, गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडायची आणि कणीस धरायची ते अंगठ्याएवढं. वडिलांनी दोन वर्षं तिथं दुप्पट शेणखत टाकलं, एकदा युरियाही दिला, आणि शेवटी "त्या जागेत काहीतरी आहे" म्हणून नाद सोडला. मी ती जागा नीट बघितली तेव्हा पाऊस उघडून तासभर झाला होता. आजूबाजूची माती भिजून काळीभोर झालेली, आणि या तुकड्यातलं ढेकूळ फोडलं तर आत कोरडा फुफाटा. वर पाण्याचे थेंब अळूच्या पानावर बसतात तसे गोल बसलेले.

तेल पडलेली जमीन आपण मेली असं समजतो. ती मेलेली नसते. ती गुदमरलेली असते आणि तिला नत्राचा उपास घडत असतो. हे एकदा लक्षात आलं की पुढची कामं कोणत्या क्रमानं करायची ते आपोआप कळतं. टँकर कलंडला असेल, तेलाची वाहिनी (पाइपलाइन) फुटली असेल किंवा गावच्या गॅरेजचं ऑइल ओघळीनं वावरात आलं असेल, क्रम तोच राहतो. फक्त प्रमाण बदलतं.

आधी समजून घ्या: उतारा कुठं कुठं घटतो

पहिला फटका उगवणीला बसतो. तेलाचा पातळ थर बियाण्याभोवती बसला की पाणी आत शिरत नाही, बी फुगत नाही. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांतला हलका भाग तर टरफलातून आत जाऊन कोंबच मारतो. म्हणून ताज्या डिझेलात उगवण जवळजवळ होत नाही, आणि तेच डिझेल चार-सहा महिने जुनं झालं की थोडीफार होते. हलका भाग उडून गेलेला असतो, मागे राहिलेला जड भाग विषारी कमी आणि चिकट जास्त असतो.

दुसरा फटका मुळांना. जे बी उगवतं त्याची मुळं आखूड, जाड आणि वेडीवाकडी होतात. मातीच्या कणांवर तेलाचा लेप असल्यानं पाऊस पडूनही ओल खाली जात नाही. शेजारचं पीक टवटवीत असताना या तुकड्यातलं पीक दुपारी मान टाकतं.

तिसरा फटका नत्राचा, आणि शेतकरी नेमका इथंच चकतो. कच्चा काडीकचरा, गव्हाचं काड गाडून लगेच पेरलं की पीक पिवळं पडतं, हे आपण पाहिलेलं आहे. कचरा कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. तेल म्हणजे तर जवळजवळ नुसता कर्ब (कार्बन). डिझेलमध्ये वजनानं साधारण ८५ टक्के कर्ब असतो आणि नत्र नावापुरतंही नसतं. जिवाणू त्या कर्बावर तुटून पडतात आणि मातीतलं उपलब्ध नत्र संपवतात. पीक पिवळं दिसलं म्हणून आपण युरियाचा एक हात मारतो, तोही जिवाणूंच्या पोटात जातो. वडिलांचा युरिया वाया गेला असं मी बरेच दिवस समजत होतो. तो वाया गेला नव्हता, पण पिकापर्यंत पोचण्याइतका पुरला नव्हता.

चौथा फटका हवेचा. मातीच्या पोकळ्या तेलानं बुजतात, आणि उरलेला प्राणवायू हेच जिवाणू वापरून टाकतात. अशा कोंदट जमिनीत लोह आणि मँगनीज नको तितकं विरघळतं आणि मुळांना बाधतं. पाणथळ, भारी जमिनीत हे जास्त होतं.

या सगळ्याचा हिशेब मळणीला लागतो. रोपांची संख्या कमी, फुटवे कमी, कणसात दाणे कमी आणि दाण्याचं वजनही कमी. गव्हाला तर आणखी एक त्रास आहे. उगवण आठवडा-दहा दिवस लांबली की दाणा भरायची वेळ उन्हाच्या तडाख्यात जाते आणि गहू चिमतो. भातात तेल पाण्यावर तरंगतं, चुडाला बुडाशी चिकटतं, आणि पाणी आटेल तसं खाली बसत जातं. ३० जून २०१७ला तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलम गावी वाहिनीतून कच्चं तेल भातशेतीत आलं आणि गाव रस्त्यावर उतरलं, त्यामागं कावेरीकाठच्या माणसांना ठाऊक असलेली हीच गोष्ट होती: तेल एकदा चिखलात बसलं की सहज निघत नाही.

पहिले दोन तास

सांडलेल्या तेलाजवळ विडी, काडी, मोबाइल, मोटरचा स्टार्टर, ट्रॅक्टर, काहीही चालवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती चरात, विहिरीत, ओहोळात साचते आणि वीस-तीस फुटांवरची ठिणगीही धरते. कलंडलेल्या टँकरमधून कॅन भरून आणायला गावचं कुणी धावत असेल तर हाताला धरून थांबवा. माणसं अशीच जळाली आहेत. ११२ वर फोन करा, तो लांब जाऊन करा. गुरं वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या.

मग उताराच्या खालच्या अंगाला कोरड्या मातीचा बांध घाला आणि त्याच्या आत एक उथळ चर खणून तेल तिथं गोळा होऊ द्या. वर लाकडाचा भुसा, भाताचं तूस, उसाचं वाळलं बगॅस टाका. हे पदार्थ तेल पितात आणि नंतर फावड्यानं उचलता येतात. पाण्यानं किंवा साबणानं धुऊ नका. धुतलेलं तेल नाहीसं होत नाही, ते खाली जातं किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं.

काळ्या जमिनीत हे सांडणं एप्रिल-मेमध्ये झालं तर घाई दुप्पट करा. भेगा तेव्हा हातभर खोल असतात. तेल माती भिजवत बसत नाही, भेगेतून सरळ खाली जातं. वरून जमीन कोरडी दिसते आणि तीन फुटांवर डिझेलचा वास येतो. भेगांच्या तोंडावर लगेच माती लोटून ती बुजवा. कोकणात जांभ्यावर प्रश्न उलटा आहे. जमीन निचऱ्याची, तेल थांबतच नाही, म्हणून तिथं पहिली काळजी विहिरीची घ्या.

मोकळं तेल उचलून होईपर्यंत नांगर घालू नका. "उलथून टाकू, मुरून जाईल" हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे.

नोंद करा, मग माती हलवा

तेल तुमच्याच इंजिनचं असेल तर हा भाग सोडून पुढं जा. दुसऱ्याचं असेल तर फावडं उचलण्याआधी फोटो काढा. त्यात ठिकाण आणि वेळ दिसली पाहिजे, आणि शेजारचं चांगलं पीकही त्याच चौकटीत आलं पाहिजे. तलाठी, कृषी सहायक आणि पोलीस पाटील यांना लेखी कळवा, पंचनाम्यात बाधित क्षेत्र गुंठ्यांत लिहून घ्या, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला अर्ज देऊन पोच घ्या. ई-पीक पाहणी आधीच केलेली असेल तर उभ्या पिकाचा तो पक्का पुरावा ठरतो.

आपल्याकडे मुंबई-मनमाड, मुंबई-पुणे-सोलापूर अशा इंधनवाहिन्या शेतांखालून गेल्या आहेत. अशा जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते. १९६२च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यानं कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, आणि वाहिनी टाकताना किंवा तिची देखभाल करताना होणाऱ्या नुकसानीची भरपाई देणं तिला बंधनकारक असतं. भरपाई आणि जमीन पूर्ववत करून मिळण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येतं. त्याची मुदत ५ वर्षांची आहे. एक सूचना मात्र कळकळीनं करतो: फक्त या हंगामाच्या पिकाचे पैसे घेऊन सही करू नका. नुकसान पुढचे दोन-तीन हंगाम चालतं. जमिनीची दुरुस्ती आणि मातीची पुन्हा तपासणी हे दोन्ही कागदावर आलं पाहिजे.

किती सांडलं, किती खोल गेलं

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातला वरचा अर्धा फूट थर साधारण २० टन माती भरतो. २०० लिटरचं एक बॅरल डिझेल वजनानं १६५ किलोच्या आसपास. ते सगळं एका गुंठ्यात पसरलं तर मातीत ०.८ टक्का तेल झालं, म्हणजे किलोमागे ८,००० मिलिग्रॅम. आणि २० लिटरचा साधा कॅन दहा बाय दहा फुटांत लवंडला तरी प्रमाण जवळजवळ तेवढंच येतं. नुकसान किती हे सांडलेल्या लिटरवर नाही, ते किती जागेत आणि किती खोल गेलं यावर ठरतं.

या आकड्याला अर्थ कुठून द्यायचा? नेदरलँड्समध्ये खनिज तेलासाठी किलोमागे ५,००० मिलिग्रॅम ही हस्तक्षेपाची, म्हणजे जिच्यावर जमीन साफ करायला घ्यावी लागते ती, पातळी धरतात, नायजेरियानंही तीच घेतली. कॅनडाची शेतजमिनीसाठीची मोजपट्टी कडक आहे. डिझेलपेक्षा जड, वंगणासारख्या भागासाठी ती भरड जमिनीत ३०० आणि चिकण जमिनीत १,३०० आहे. चिकणमाती तेल धरून ठेवते, पिकाच्या मुळाला ते कमी मिळतं, म्हणून हा फरक. माझ्या अनुभवात हजाराच्या आत आलेल्या काळ्या जमिनीत ज्वारी उभी राहते. टक्क्याच्या, म्हणजे १०,०००च्या, पुढं तृणधान्य पेरणं म्हणजे बियाणं फेकणं.

खोली बघायला ऑगर (माती काढायचं गिरमिट) नसेल तर पहारीनं तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या. दर अर्ध्या फुटाला मूठभर माती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. वर सप्तरंगी तवंग आला तर तेल तिथवर पोचलंय. कोकणातल्या भातखाचरात एक फसगत होते: लोहजिवाणूंचाही असाच चमकता तवंग येतो. काडीनं टोचून बघा. जिवाणूंचा तवंग पापडासारखा मोडून तुकडे होतो, तेलाचा तवंग काडी काढली की पुन्हा मिटतो.

खोलीचा आग्रह उगाच धरत नाही. नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पाहणी करून २०११मध्ये अहवाल दिला. तिथं वर्षानुवर्षं वरची माती उलथून, खत देऊन जमीन "साफ" केल्याची नोंद होती. खाली खणलं तेव्हा काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत तेल निघालं. वर वखर फिरत होता आणि खालचं तेल विहिरींकडे सरकत होतं. तुमच्याकडे तेल दोन-अडीच फुटांच्या खाली गेलं असेल तर पुढचे घरगुती उपाय पुरणार नाहीत. तिथं ज्यानं सांडलं त्याच्याकडून माती उपसून उपचार करून घ्यायचे, हाच मार्ग.

प्रयोगशाळेत काय मागायचं

नेहमीच्या माती परीक्षणात तेल मोजत नाहीत. उलट एक घोळ होतो: तेलातला काही कर्ब सेंद्रिय कर्बाच्या तपासणीत मोजला जातो आणि अहवालात तुमची जमीन एकदम "सेंद्रिय कर्ब भरपूर" दिसते. त्यावर विसंबून खताची मात्रा कमी करू नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची पर्यावरण प्रयोगशाळा शोधा आणि "एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन" अशी तपासणी मागा. जळकं ऑइल असेल तर शिसं, कॅडमियम आणि जस्तही मागा, कारण इंजिनात फिरलेल्या ऑइलात धातू उतरलेले असतात.

नमुना घेण्याची पद्धतही वेगळी. नेहमीसारखा सावलीत वाळवून पिशवीत भरला तर हलकं तेल उडून जातं आणि आकडा खोटा येतो. काचेची बरणी गच्च भरा, झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर असे थर वेगळे ठेवा. शेजारच्या स्वच्छ वावरातला एक नमुना सोबत हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

भिजलेली माती वेगळी करा

मुठीत दाबली तर बोटांना तेल लागतं अशी माती जागेवर सुधारत बसू नका. ती उचला. विहीर, ओढा आणि गोठा यांपासून लांब, उंचवट्यावर जाड ताडपत्री अंथरा, कडेनं वीतभर बांध घाला आणि त्यावर ही माती दोन फुटांपेक्षा उंच होणार नाही असा ढीग करा. पावसाळ्यात वरूनही झाका. हातमोजे आणि गमबूट घाला. पेट्रोल-डिझेलात बेंझिनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात, मुलांना आणि गरोदर बाईला या कामाला लावू नका.

काही जण ही माती राब भाजावा तशी पेटवून देतात. कृपा करून असं करू नका. वरचा हलका भाग जळतो, खाली डांबर उरतं आणि धूर अंगाला लागतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटात टिओगाजवळ सप्टेंबर २०१३मध्ये एका गव्हाच्या शेतात वाहिनी फुटून २०,६०० बॅरल, म्हणजे ३२ लाख लिटरच्या वर, कच्चं तेल आलं. मळणी करणाऱ्या शेतकऱ्यालाच ते पहिल्यांदा दिसलं. तिथं माती खोलवर खणून खास यंत्रात तापवली, कामाला वर्षानुवर्षं लागली. एवढ्या नियंत्रित उष्णतेतही मातीतले सेंद्रिय पदार्थ जळाले, आणि त्या मातीत गहू नीट यावा म्हणून तिच्यात चांगली वरची माती मिसळावी लागली. शेताच्या कोपऱ्यात काडी लावून आपण काय मिळवणार?

इंजिनचं जळकं ऑइल हे कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. ते गोळा करून मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायचं असतं. गोठ्याच्या लाकडांना, बांधावरच्या गवताला मारायचं नसतं.

हवा, नत्र, ओल

मुख्य काम इथं आहे आणि ते महिनोन् महिने चालतं. तेल खाणारे जिवाणू बहुतेक प्रत्येक जमिनीत असतात. तेल आलं की त्यांची संख्या आपोआप वाढते. त्यांना अडतं ते बाकीच्या गोष्टींवाचून. १९८९मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाचं तेल किनाऱ्यावर आलं तेव्हा दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाचं खत देऊन तिथल्याच जिवाणूंचं काम वेगानं करून घेतलं होतं. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी संस्थेनं तेल खाणाऱ्या जिवाणूंचा "ऑइलझॅपर" नावाचा संच तयार केला आणि तेलक्षेत्रांतल्या तेलकट गाळावर तो वापरला जातो. मोठ्या गळतीत अशा संस्थेची मदत जरूर मागा. गुंठा-दोन गुंठ्यांसाठी बाजारातल्या अनोळखी पुड्यांवर पैसे घालण्यापेक्षा कुजलेलं शेणखत जास्त भरवशाचं.

नत्राचा हिशेब असा. पुस्तकी प्रमाण कर्ब १००, नत्र १०, स्फुरद १ असं धरतात. आपल्या बॅरलभर डिझेलात १४० किलो कर्ब, म्हणजे १४ किलो नत्र, म्हणजे ३० किलो युरिया. एका गुंठ्यात! एकराच्या मापात ते २६ गोण्यांच्या वर जातं. एकदम टाकलं तर जिवाणूही मरतील आणि उरलेलं नत्र पहिल्या पावसात विहिरीत उतरेल. शिवाय बराच हलका भाग उडून जातो, सगळा कर्ब जिवाणूंच्या वाट्याला येतच नाही. म्हणून मी गुंठ्याला एका वेळी दीड ते दोन किलो युरिया देतो, दर तीन आठवड्यांनी, मातीत मिसळून. काळ्या चुनखडीच्या जमिनीत वरच ठेवला तर अमोनिया होऊन उडतो. सुरुवातीला एकदाच चार-पाच किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन-तीन क्विंटल चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण किंवा ताजा पालापाचोळा नको, तो स्वतःच नत्र ओढतो.

ओल वाफशाएवढी ठेवा. मूठ वळली पाहिजे आणि टिचकी मारली की फुटली पाहिजे. पाणी तुंबलं की हवा गेली, कोरडं पडलं की जिवाणू झोपले. तेलकट मातीवर पाटानं पाणी दिलं तर ते वरून वाहून जातं, म्हणून झारीनं किंवा तुषारानं हलकं हलकं द्या. वाफसा आला की दर दहा-बारा दिवसांनी अर्धा फूट खोल कुळव किंवा रोटाव्हेटर फिरवा. चिखलात अवजार घालू नका, पोकळ्या बुजतात आणि सगळी मेहनत उलटी होते.

आपल्याकडची उष्णता या कामाला चांगली साथ देते. डिझेल असेल तर तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक पडतो. कच्चं तेल आणि जळकं ऑइल वर्ष-दोन वर्षं घेतं, आणि त्यातला डांबरासारखा भाग बराच काळ राहतो, तरी तो पिकाला फारसा बाधत नाही. एक खूण सांगतो: सकाळी ढेकूळ फोडून वास घ्या. आधी पंपाचा वास येतो, मग शिळ्या तेलाचा, आणि एक दिवस पहिल्या पावसाचा येतो.

थेंब आणि अळीव

वासावर पेरणी करायची नाही. दोन चाचण्या घरी होतात. मातीचं वाळलेलं ढेकूळ कुस्करून सपाट करा, वर पाण्याचा थेंब सोडा आणि घड्याळ बघा. ५ सेकंदांत मुरला तर माती पाणी घेऊ लागली. मिनिटभर लागला तर थोडी अडचण आहे. १० मिनिटं तसाच बसला असेल तर पुन्हा कुळवाकडे वळा.

दुसरी चाचणी अळिवाची. बाळंतिणीच्या खिरीतला हा अळीव प्रदूषित माती तपासायला जगभर वापरतात, कारण तो दोन-तीन दिवसांत उगवतो आणि विषाला पटकन दाद देतो. दोन पसरट ट्रे घ्या, एकात सुधारलेली माती आणि दुसऱ्यात शेजारच्या स्वच्छ वावरातली. प्रत्येकी शंभर बिया टाका, सारखं पाणी द्या. पाचव्या दिवशी उगवलेली रोपं मोजा, दहा रोपं हळूच उपटून मुळं पट्टीवर मोजा. उगवण सारखी आणि मुळं निम्मी, असं हमखास दिसतं. तेव्हा फसू नका, मुळांचं माप खरं धरा. मुळं स्वच्छ मातीतल्या मुळांच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत आली की मग जे पीक घ्यायचं त्याच्या बियांची कुंडीत तीन आठवड्यांची चाचणी करा. पानं पिवळी न पडता रोप तिसऱ्या-चौथ्या पानावर आलं तर पेरणीचा विचार करता येईल.

पहिलं पीक कोणतं

आधी धैंचा किंवा ताग घ्या. ही द्विदल पिकं स्वतःचं नत्र स्वतः धरतात, त्यामुळे उपाशी जमिनीतही तग धरतात, आणि त्यांची मुळं खोलवर वाटा पाडतात. त्या मुळांभोवती जिवाणूंची गर्दी होते आणि तेल आणखी कमी होतं. हे पीक गुरांना घालू नका, फुलोऱ्यात येण्याआधी तिथंच गाडा आणि महिनाभर कुजू द्या.

त्यानंतर तृणधान्यांत पहिला मान ज्वारीचा. तिच्या तंतुमुळांचं जाळं दाट असतं आणि बाकीच्यांपेक्षा ती जास्त सोसते. मका तिच्याच बरोबरीनं. बाजरी हलक्या जमिनीत चालेल. गहू त्यानंतरच्या हंगामात. भात सगळ्यात शेवटी, कारण खाचरात पाणी बांधलं की हवा बंद होते आणि तेल कुजायचं थांबतं. खाचराशिवाय पर्यायच नसेल तर पहिलं वर्ष वरकस पद्धतीनं, पाणी न बांधता पेरा.

बियाणं सव्वापट धरा. सरी-वरंबा करा आणि बी जिथं पडणार त्या ओळीत दोन बोटं गांडूळ खत किंवा चांगली माती घाला. कोंबाला पहिले आठ दिवस स्वच्छ जागा मिळाली की पुढची लढाई तो स्वतः लढतो. नत्राची एकूण शिफारस थोडी वाढवून चार हप्त्यांत द्या, म्हणजे जिवाणूंनी वाटा घेऊनही पिकाला काही उरतं. पंधरा दिवसांनी तुटाळी भरा.

दाणा आणि कडबा खायचा का

तेलाचा बहुतेक भाग मुळाशीच अडतो, दाण्यात फार चढत नाही. काळजी धातूंची. जळक्या ऑइलाच्या जागेतला पहिला दाणा कॅडमियम आणि शिशासाठी तपासल्याशिवाय घरात किंवा बाजारात नेऊ नका. कडब्याचं वेगळं आहे. बुडाच्या पेरांना तेलकट माती चिकटलेली असते. तेल पोटात गेलेल्या जनावराला फुगारा होतो, उलटून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. म्हणून पहिल्या वर्षी धाटं जमिनीपासून वीतभर सोडून कापा, आणि गाईनं वास घेऊन तोंड फिरवलं तर तिचं ऐका.

मळणीच्या वेळी सुधारलेली आणि शेजारची स्वच्छ अशा दोन्ही जागांतून एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून कणसं वेगळी कापा आणि दाणे वेगवेगळे तोला. वही ठेवा. आमच्या शेडच्या जागेत पहिल्या वर्षी ज्वारी निम्म्यावर आली. तिसऱ्या खरिपात कणसं बांधाकडच्या ओळींसारखीच भरली, आणि पाऊस पडला की तिथलं ढेकूळ आता आतपर्यंत ओलं निघतं. विहिरीचं पाणी मात्र अजून दर पावसाळ्यानंतर काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरून बघतो, आणि वर्षातून एकदा तपासायला देतो.